पूतनेचे पाय

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसू नका. एसीचा गारवा पाठीला लागला की डुलकी येते, आणि आज जिला मी तुमच्यासमोर उभी करणार आहे ती डुलकी घेणाऱ्यांच्याच छपरावर उतरते म्हणे. घाबरू नका हो! गोष्ट राक्षसिणीची असली तरी तिच्यात तबला आहे, पेढे आहेत आणि एक बाळही आहे. मांडी घालून बसा. सांगते.

आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो. माझे यजमान जयप्रकाश एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनियर. मी देवयानी, पण बिल्डिंगभर सगळ्यांची मावशी. मला वेड एकच, कीर्तनाचं. बोलणारी मी नव्हे, मी पेटी धरणारी. शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकतो, खिडक्या लागतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताच्या आवाजात देवाचं नाव घेतलं जातं. तबल्याला शत्रुघ्न. मालवणकडचा सुतार, शुवैखला एका वर्कशॉपमध्ये दारं-खिडक्या करतो, चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि शुक्रवारची वाट बघतो. आणि झांजेला लिगाया.

हो, लिगाया. फिलिपीन्सची. पनाय नावाच्या बेटावरची. दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि रस्त्यापलीकडच्या लेडीज सलूनमध्ये काम करायची. एकदा आमच्याकडून झांजेचा आवाज ऐकून दार वाजवून आली, "मावशी, कराओके है क्या?" म्हणाली, आणि बसली ती बसलीच. एक अक्षर कळायचं नाही, पण तालाला अशी पक्की की शत्रुघ्न म्हणायचा, "मावशी, हिका कोकणात जन्माक घालूक व्हया होता, वाट चुकली."

लिगायाच्या समोरच्या दारात शलाका आणि क्षितिज. शलाका नाशिकची, क्षितिज पुण्याचा. शलाकाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर तिला दुसऱ्यांदा दिवस राहिले, आणि पोरीची झोप उडाली. डॉक्टर सांगे सगळं छान आहे, आम्ही सांगू सगळं छान आहे, ती मान हलवी आणि रात्रभर छताकडे बघत पडे. क्षितिजची नोकरी पार खैरानच्या पुढच्या प्लांटवर. शटडाऊन लागला, म्हणजे प्लांट दुरुस्तीला काढला, की चार-चार दिवस तोंड दिसायचं नाही.

एके दिवशी मी सलूनमध्ये भुवया कोरून घेत होते, आणि लिगायाने दातात दोरा धरूनच मला तिच्या गावच्या बाईची गोष्ट सांगितली. तिला म्हणतात मनानंगाल. दिवसा चारचौघींसारखी, उलट चौघींपेक्षा देखणी. अंधार पडला की केळीच्या बागेत जाते आणि कमरेत दुभंगते. पाय तिथेच उभे राहतात, आणि वरची अर्धी बाई वटवाघळासारखे पंख पसरून उडते. कुठे? ज्या घरात बाई पोटुशी आहे त्या घराच्या छपरावर. तिथून दोऱ्यासारखी बारीक लांब जीभ आत सोडते. पुढचं सांगत नाही, बायाबापड्या बसल्या आहेत.

"और आवाज आता है, मावशी. टिक, टिक. दूर है तो बड़ा आवाज. पास आया तो छोटा. एकदम छोटा हुआ, मतलब ऊपर बैठा है!"

माझी एक भुवई तेव्हापासून जरा वरच आहे.

यावर उपाय काय? तर मीठ आणि लसूण. लसणाच्या वासाने ती खिडकीशी येत नाही. आणि तिचे ते उभे ठेवलेले पाय सापडले, त्यांच्यावर कुणी मीठ टाकलं, तर तिला परत जोडता येत नाही. सूर्य उगवला की संपली.

लिगायाने काय केलं, खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, लसूण आणला, त्याची माळ केली आणि शलाकाच्या निजायच्या खोलीतल्या खिडकीला बांधली. चारही कोपऱ्यांत वाटीत खडेमीठ. शलाका आधी खूप हसली. पण त्या रात्री झोपली! मला येऊन म्हणाली, "माझा विश्वास नाही गं मावशी. पण कुणीतरी पहारा देतंय असं वाटतं. लिगाया जाताना माळेला हात लावते ना, की माझे डोळे मिटतात." मग रोज संध्याकाळी सलूनमधून आल्यावर लिगाया आधी तिच्याकडे जायची, माळ चाचपायची, तिचे पाय चेपायची, चार गाणी म्हणायची आणि मग आपल्या घरी. ठरलंच होतं की कळा लागल्या तर लिगायाच बरोबर जाणार.

आणि श्रावणात पुण्याहून शीलाताई आल्या.

शीलाताई म्हणजे क्षितिजची आई. बाळंतपणासाठी आलेल्या. पण माझ्या लेखी त्यांची खरी ओळख वेगळी. स्वतः कीर्तन करणाऱ्या! नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की समोरच्याची मान आपोआप ताठ व्हायची. पूर्वरंगात निरूपण असं स्वच्छ की ताकातून लोणी वर यावं, आणि उत्तररंगात आख्यान असं की लहान मूल शू लागली तरी उठायचं नाही. शिस्त मात्र कडक. कीर्तन चालू असताना कुणी मधून उठायचं नाही. आख्यान अर्ध्यात सोडायचं नाही. आणि गादीचा मान राखायचा. गादी म्हणजे नारदाची. त्या जागी जो उभा आहे त्याचं वय, नातं, हुद्दा काही बघायचं नाही, वाकून नमस्कार करायचा. त्यांच्या धाकट्या जावेने एकदा कीर्तन केलं तेव्हा यांनी भर सभेत तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. "जावेला नाही केला. गादीला केला," असं वर सांगायच्या. "जाऊ ती जाऊच!"

आल्या दिवशीच बाईंनी देव मांडायला स्वच्छ जागा शोधली, आणि ती सापडली नेमकी निजायच्या खोलीतली खिडकी.

"शलाका, हे काय आहे?"

"लसूण आहे, आई."

"लसूण आहे हे मला दिसतंय. चातुर्मासात माळ करून खिडकीला कुणी घातलाय? आणि हे कोपऱ्यात मीठ? घर आहे का लोणच्याची बरणी?"

लिगाया तेवढ्यात आली. मनाने नितळ बाई. विचारलं म्हणून तिने सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दोन्ही हात पसरून उडूनही दाखवलं. शीलाताईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. माळ सोडली, मीठ गोळा केलं आणि लिगायाच्या हातात देऊन शांतपणे म्हणाल्या, "बच्चा होने तक तुम इधर मत आना."

मी मध्यस्थी करायला गेले तर माझीच शाळा घेतली. "देवयानीताई, तुम्ही कीर्तन ऐकणाऱ्या बाई. पोटात असताना चक्रव्यूह शिकलेल्या पोराची गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी का? गर्भ ऐकत असतो. मी पहाटे उठून तिला स्तोत्रं म्हणून दाखवायची, आणि संध्याकाळी या बाईने येऊन काय ऐकवायचं? कमरेत तुटलेली बाई? एक गेलंय आमचं. आता मी काही ऐकून घेणार नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. शलाका छताकडे बघत पडते तशी ही बाईही पडत असणार, फक्त दुसऱ्या खोलीत.

माळ गेली, आणि शलाकाची झोपही गेली. आठवडाभरात पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढतोय, विश्रांती हवी. शलाका मला म्हणाली, "मावशी, मला भीती त्या राक्षसिणीची नाही. आत लेबर रूममध्ये मी एकटी असेन याची आहे. आईंसमोर मला रडताही येत नाही. त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यात."

गोकुळाष्टमीच्या जवळचा शुक्रवार आला. कृष्णजन्माचं कीर्तन शीलाताई करणार असं आधीच ठरलं होतं. कृष्ण जन्मतो मध्यरात्री, पण कुवेतमध्ये त्याला शिफ्टवाल्यांची सोय बघून संध्याकाळी सहालाच जन्म घ्यावा लागतो. देवाची हरकत नसते. बाहेर अंगाची लाही होत होती, आत पन्नास-साठ माणसं दाटीवाटीने, एसी बिचारा धापा टाकत होता. शलाका पुढच्या खुर्चीत. आणि लिगाया? ती नेहमीप्रमाणे झांज घेऊन आली, दारात थबकली, माझ्याकडे बघितलं. मी शीलाताईंकडे बघितलं. त्या पदर खोचत म्हणाल्या, "कीर्तनाला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही." म्हणजे घराला बंदी, कीर्तनाला नाही. नियम तो नियम.

पूर्वरंग झाला. कृष्ण जन्मला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. मग बाईंनी उत्तररंगाला हात घातला आणि आख्यान घेतलं पूतनेचं.

मी पेटीवर होते म्हणून, नाहीतर उठून विचारलं असतं, अहो शीलाताई, ही कोण मग? कंसाने पाठवलेली, रात्रीची आकाशातून फिरणारी, गावोगावची तान्ही मारणारी, आणि वर सुंदर बाईचं रूप घेतलेली! लहानपणापासून ऐकत आलो म्हणून आपल्याला ती घरचीच वाटते, इतकंच. मी पेटीआडून लिगायाच्या कानात हिंदीत सांगत गेले. तिचे डोळे हे एवढे मोठे होत गेले.

शीलाताई साकी म्हणत होत्या:

हासत आली, लाजत आली, नेसुनि शालू नवा,
बाळ पाहुनी म्हणे, यशोदे, क्षणभर मज हा द्यावा!

"आणि यशोदेने," शीलाताई म्हणाल्या, "भोळ्या यशोदेने बाळ उचललं, आणि पूतनेच्या मांडीवर..."

"पैर?" लिगाया मोठ्याने म्हणाली. "मावशी, पैर किधर रखा उसने?"

सगळा हॉल हसला. शत्रुघ्नने तबल्यावर हात टाकून म्हटलं, "खरा आसा! आमच्याकडे हडळ असता, पण ती अख्खी येता. अर्धा अंग घराक ठेवन भायर पडाचा, ह्या कसला?"

शीलाताईंनी एक नजर टाकली, हसू विझलं. त्यांनी श्वास घेतला, वरचा सूर लावायला गेल्या, आणि ठसका लागला. लागला तो थांबेना. सकाळपासूनचा रियाज, त्यावर फ्रीजचं पाणी आणि एसीचा वारा. पाणी दिलं, खडीसाखर दिली, पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबला, पण आवाज गेला. ओठ हलतात, बाहेर नुसती हवा.

आता बघा पंचाईत. बाळ राक्षसिणीच्या मांडीवर, आणि आख्यान बंद! समोर दिवस भरत आलेली सून. हीच बाई सांगत आली की आख्यान अर्ध्यात सोडू नये, गादी रिकामी ठेवू नये. शीलाताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या माझ्याकडे हात करू लागल्या, तुम्ही पुरं करा. मी कुठली बोलते! तेव्हा चार माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शत्रुघ्न म्हणाला, "मी वाजवतंय. बोलाक सांगशात तर पळान जातंय."

तेव्हा शलाका खुर्चीतून म्हणाली, "लिगाया सांगेल."

शीलाताईंनी दोन्ही हात हलवले. नाही म्हणायचं होतं त्यांना, हे मला दिसलं, सगळ्यांनाच दिसलं. पण शलाका म्हणाली, "आई, बाळ तिच्या मांडीवर आहे. तिथे ठेवून मी घरी जायचं का?"

शीलाताई थांबल्या. मग स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि लिगायाच्या गळ्यात घातला. हातातल्या चिपळ्या दिल्या. आणि जमिनीवर, सगळ्यांत, येऊन बसल्या.

लिगाया उभी राहिली. सलूनचा गुलाबी टी-शर्ट, गळ्यात मोगऱ्याचा हार. आधी तिने चिपळी वाजवली. टिक, टिक, टिक. मोठ्याने. "दूर है," ती म्हणाली. मग हळू. मग आणखी हळू. शत्रुघ्न उस्ताद माणूस, त्याने तबल्यावर फक्त बोटाचं टोक ठेवलं. आवाज इतका बारीक झाला की एसीची घरघर मोठी वाटू लागली. आणि कुणीतरी हळूच छताकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"आ गई," लिगाया कुजबुजली. "पूतना आंटी. बेबी कृष्णा गोद में. बेबी नीचे देखता है. बोलता है, आंटी, साड़ी तो अच्छा है, पर तुम्हारा पैर किधर है?"

हॉल फुटला हसण्याने. शलाका दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती.

"आंटी को शरम आया. बेबी को रखा, पैर लेने भागी, केले के बगीचे में. लेकिन उधर पहले से कोई बैठा था. एक दादी. गाँव में सब सोता है, दादी नहीं सोती. सब बोलता है, दादी गुस्सेवाली है. दादी गुस्सेवाली नहीं है. दादी को डर लगता है, बच्चे के लिए, इसलिए सोती नहीं. वो हाथ में नमक ले के बैठी थी. हमारे गाँव में भी हमेशा दादी ही होती है." आणि लिगायाने वळून शीलाताईंकडे हात केला. "ऐसी वाली."

मग शत्रुघ्नने तिहाई घेतली, मी पेटीवर भैरवी धरली, आणि आम्ही नामाचा गजर केला. गजर थांबला तेव्हा शीलाताई उठल्या. बुक्क्याची डबी घेतली. लिगायाच्या कपाळाला बुक्का लावला, आणि सत्तरीला आलेली ती बाई गुडघ्यांवर हात टेकत वाकली. लिगाया घाबरून मागे सरकली, "नो, नो, मम्मी!" तेव्हा शीलाताईंनी घोगऱ्या आवाजात, फुटतील तसे, दोनच शब्द काढले. "उभी राहा."

आणि उठल्यावर तिचा हात त्यांनी सोडला नाही. गादीला नमस्कार झाल्यावर हात धरून ठेवायचा असतो असा काही नियम मी तरी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी माळ पुन्हा लागली. देव मात्र हॉलमध्ये आले. चातुर्मासात लसूण आणि देव यांच्यात एक भिंत हवी, यावर शीलाताई ठाम होत्या. पाच-सहा दिवसांनी आवाज आला तशी दोघींची खडाजंगी सुरू झाली. शीलाताई म्हणायच्या, "आमच्या पूतनेला देवाने शेवटी आईची गती दिली. विष पाजायला का होईना, बाळाला पदराखाली घेतलं म्हणून. तुमच्या बाईला काय दिलं?" लिगाया म्हणायची, "उसको तो सब मारता है, मम्मी." "मग तुमचं आख्यान कच्चं आहे! नीट लावून देते." मी चहा घेऊन बसायचे आणि कानांचं सोनं करून घ्यायचे.

कळा लागल्या त्या सकाळी. क्षितिज खैरानच्या पलीकडे, शटडाऊन सोडून निघाला तरी यायला वेळ लागणार. जयप्रकाशांनी गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात सिस्टर म्हणाली, आत एकच बाई येऊ शकते. शीलाताई पुढे झाल्या. त्यांचा हक्कच होता; त्यासाठीच तर समुद्र ओलांडून आल्या होत्या. शलाकाने नुसतं बघितलं, एकदा सासूकडे, एकदा लिगायाकडे.

शीलाताईंनी ते बघणं बघितलं. दाराच्या चौकटीला धरलेला हात काढला आणि लिगायाला पुढे ढकललं.

"जाव. लेकिन अंदर वो उडनेवाली का कहानी नहीं बताना!"

"नो कहानी, मम्मी. ओन्ली गाना."

दार लागलं. शीलाताई बाहेरच्या बाकावर बसल्या, डोळे मिटले, आणि ओठांत पाळणा म्हणू लागल्या. मी त्यांचा हात हातात घेतला, तर तो बर्फासारखा गार. अजून एकही कीर्तन मी इतक्या जवळून ऐकलेलं नाही.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव कौमुदी. क्षितिज बॉयलर सूटमध्येच धावत आला, आईला मिठी मारून तिच्या पांढऱ्या साडीला तेलाचे डाग पाडले, आणि बाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी लिगायाला शोधत गेले. ती जिन्याजवळ उभी होती, फोनवर कुणाला तरी बाळाचा फोटो दाखवत. पडद्यावर सात-आठ वर्षांचं एक सावळं पोर. "मेरा बेटा, मावशी. डॅनिलो." तिला मुलगा आहे हे इतक्या दिवसांत तिने कधी सांगितलं नव्हतं, की कुणी विचारलं नव्हतं. तो रांगत होता तेव्हा ती रात्रीच्या विमानाने इकडे आली. आजीपाशी वाढतो. आजीने रोज खिडकीला लसूण बांधला तरी त्याला झोप लागत नाही म्हणे. आपली आई रात्री उडत गेली, एवढंच त्याला माहीत आहे.

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावाल, आपापल्या लेकराबाळांसाठी हात जोडाल. तेव्हा माझी एक विनंती आहे. पनाय बेटावरच्या त्या डॅनिलोची तेवढी आठवण ठेवा. त्याला शांत झोप लागो, असं म्हणा.